आकाश सर्वांचे, नकाशा कोणाचा?

दक्षिण दिल्लीत लक्ष्मीबाई नगर नावाची वसाहत आहे. स्वातंत्र्यानंतर राजधानीतील सरकारी कर्मचाऱ्यांची संख्या वाढत गेली. त्यांच्या निवासासाठी ज्या वसाहती उभारण्यात आल्या, त्यांपैकी ही एक होय. झाशीच्या राणीचे नाव तिला देण्यात आले. सरोजिनी नगर, किदवई नगर, आयएनए बाजार आणि दिल्ली हाट हा तिचा शेजार. रुंद रस्ते, अक्षरांनी ओळखले जाणारे ब्लॉक आणि प्रत्येक निवासस्थानाला क्रमांक, अशी अशा सरकारी वसाहतींची मांडणी असते. नवखा माणूसही पाट्या वाचत हव्या त्या दारापर्यंत पोहोचू शकतो.

याच परिसरात पिलंजी आणि कोटला मुबारकपूर ही जुनी गावे आहेत. कोटला मुबारकपूरला तर पंधराव्या शतकातील सय्यद घराण्याचा सुलतान मुबारक शाह याच्या कबरीमुळे नाव मिळाले. दिल्ली शहर वाढत वाढत अशा गावांच्या चारही बाजूंनी पसरले आणि गावे शहराच्या पोटात राहिली. त्यांच्या गल्ल्या अरुंद असतात. एका मजल्यावर दुसरा मजला चढत जातो. घरांना क्रमांक असतात, परंतु ते रांगेने येतातच असे नाही. अशा ठिकाणी पत्ता शोधताना पाटीपेक्षा कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा आधार अधिक असतो.

दोन्ही ठिकाणांवर आकाश एकच आहे. त्या आकाशातून फिरणारे उपग्रहही तेच आहेत. लोकांच्या हातातील मोबाइलही एकाच प्रकारचे आहेत. तरीही ‘लोकेशन पाठवा’ असे म्हटल्यावर एका घरी माणूस विनासायास येतो आणि दुसऱ्या घरच्या माणसाला मुख्य रस्त्यावर येऊन उभे राहावे लागते. हे अंतर कसे निर्माण होते, हे समजून घेण्यासाठी प्रथम स्थान दाखवणारे तंत्रज्ञान कसे चालते ते पाहिले पाहिजे.

बिंदू कसा मिळतो?

मोबाइलमध्ये स्थान दाखवणारी जी व्यवस्था सर्वाधिक प्रचलित आहे, तिला जीपीएस म्हणतात. ती अमेरिकेची आहे. तिचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. प्रत्येक उपग्रहात अत्यंत अचूक अणुघड्याळ असते आणि तो आपली जागा व वेळ सांगणारा संकेत सतत पाठवत असतो. हा संकेत प्रकाशाच्या वेगाने येतो. त्याला पोहोचण्यास किती वेळ लागला, यावरून मोबाइल आपले उपग्रहापासूनचे अंतर काढतो. असे किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले, की अक्षांश, रेखांश आणि उंची निश्चित करता येते. वेळेच्या मोजणीत एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतरात सुमारे ३०० मीटरची चूक होते. यावरून या गणिताच्या नाजुकपणाची कल्पना येते.

या व्यवस्थेतही पूर्वी भेदभाव होता. सामान्य नागरिकांना मिळणारा संकेत मुद्दाम बिघडवून दिला जाई. अचूक संकेत सैन्यासाठी राखून ठेवलेला असे. मे २००० मध्ये अमेरिकेने हा निर्बंध उठवला, आणि त्यानंतरच मोटारीत, बोटीत व पुढे मोबाइलमध्ये जीपीएस खऱ्या अर्थाने उपयोगी पडू लागले. भारतानेही आपली स्वतंत्र व्यवस्था उभारण्यास घेतली. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडण्यात आला आणि २०१६ मध्ये तिचे ‘नाविक’ असे नामकरण झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उपग्रहाचा संकेत घेण्यासाठी मोबाइलचे नेटवर्क लागत नाही, आणि त्यासाठी पैसेही मोजावे लागत नाहीत. मोकळ्या माळावर उभा असलेला मेंढपाळ आणि लक्ष्मीबाई नगरातील अधिकारी या दोघांनाही तो सारखाच मिळतो. उघड्या आकाशाखाली साधा मोबाइल सुमारे पाच मीटरपर्यंत अचूक स्थान सांगू शकतो. अरुंद गल्लीत मात्र थोडा फरक पडतो. दोन्ही बाजूंच्या उंच भिंतींमुळे आकाशाची केवळ एक पट्टी दिसते, संकेत भिंतींवर आपटून येतात आणि मोबाइलचा अंदाज चुकतो. तेवढा अपवाद सोडला, तर आकाशातून येणारे दान बहुतांशी समान आहे.

परंतु उपग्रह देतो तो केवळ एक बिंदू. त्या बिंदूवर कोणते घर आहे, तेथे कोणती वाट जाते, त्या वाटेवरून मोटार जाऊ शकते की फक्त माणूस, हे उपग्रहाला ठाऊक नसते. ते नकाशाला सांगावे लागते, आणि नकाशा माणसे तयार करतात. विषमतेचा प्रवेश होतो तो येथे.

पत्त्याची गरज

बिंदूला पत्ता बनवण्याचा प्रश्न मोबाइलच्या पुष्कळ आधीचा आहे. एकच नाव अनेक गावांना असते. लक्ष्मीबाई नगर दिल्लीत आहे, तसेच मराठी माणसांची जुनी वस्ती असलेल्या इंदूरमध्येही याच नावाचे रेल्वे स्थानक आहे. शिवाय आपल्या देशात पत्ते अनेक लिप्यांत लिहिले जातात. टपाल खात्यापुढील ही अडचण दूर केली ती श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने. ते संस्कृतचे व्यासंगी आणि कवीही होते. त्यांनी आखलेली सहा अंकी पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पहिल्या अंकावरून देशाचा विभाग कळतो, पहिल्या तीन अंकांवरून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा कळतो आणि शेवटच्या तीन अंकांवरून टपाल कार्यालय कळते. ११००२३ हा अंक लिहिला, की पत्र दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगराच्या परिसरात पोहोचते, इंदूरला जात नाही.

पिनकोड पत्र टपाल कार्यालयापर्यंत नेतो. तेथून दारापर्यंतचे काम पोस्टमन करतो. कोणते कुटुंब कोणत्या गल्लीत राहते, कोणी घर बदलले, कोणाच्या नावाचे दोघे आहेत, हे सर्व त्याला मुखोद्गत असते. नोंदीत जे नव्हते ते माणसाच्या स्मरणात होते, म्हणून ही व्यवस्था गरिबाच्या दारापर्यंत जाऊ शकली. आज अनेक सेवा यंत्राच्या नकाशावर चालतात. त्यांच्यासाठी येणारा माणूस रोज नवा असतो. त्याच्याजवळ स्मरण नसते, पडद्यावरचा नकाशा असतो. त्यामुळे जे नकाशावर नाही, ते त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते.

कोऱ्या जागांचा इतिहास

नकाशावर काही जागा भरलेल्या आणि काही कोऱ्या का असतात? याचे उत्तर बऱ्याच अंशी इतिहासात आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ मध्ये झाली. इंग्रजी राजवटीला जमिनीची मोजणी हवी होती, ती प्रामुख्याने सैन्याच्या हालचालींसाठी आणि महसुलासाठी. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यापासून शेतजमिनीच्या पद्धतशीर मोजणीला प्रारंभ केला. शेत मोजले गेले, त्याला क्रमांक मिळाला, त्याचा सारा ठरला. गावातील ज्या भागात लोक राहत, त्या गावठाणावर शेतसारा नव्हता. म्हणून तेथील एकेक घर मोजण्याची निकड सरकारला वाटली नाही. ज्या शेतात कोणी राहत नाही त्याचा नकाशा झाला, आणि ज्या घरात माणसे राहतात ते नकाशाबाहेर राहिले.

दिल्लीतही असेच घडले. १९०८ साली महसुली नकाशांवर गावांच्या वस्तीभोवती तांबडी रेघ ओढण्यात आली. तिला ‘लाल डोरा’ म्हणतात. रेघेबाहेर शेती, आत वस्ती. पुढे शेतांवर सरकारी वसाहती उभ्या राहिल्या. त्यांचे आराखडे झाले, रस्त्यांना नावे मिळाली, घरांना क्रमांक मिळाले. रेघेच्या आतील वस्तीला बांधकामाच्या अनेक नियमांतून सूट मिळाली, परंतु त्याबरोबरच नियोजनाची शिस्तही तिच्या वाट्याला आली नाही. लक्ष्मीबाई नगर आणि पिलंजी यांच्यातील आजच्या फरकाचे एक मूळ या जुन्या तांबड्या रेघेत आहे.

मोबाइलवरील नकाशे तयार झाले, तेव्हा त्यांनी जुन्या नोंदी, रस्त्यांची नावे आणि क्रमांक यांचाच आधार घेतला. त्यामुळे जुन्या नकाशातील पोकळी नव्या नकाशात उतरली. नवे तंत्रज्ञान जुन्या व्यवस्थेच्या खांद्यावर उभे राहते आणि तिचे उणेपणही आपल्या अंगी घेते.

नव्या विषमतेची कारणे

जुन्या पोकळीत काही नव्या कारणांची भर पडली. पहिले कारण नेटवर्कचे. उपग्रहाचा संकेत फुकट मिळाला, तरी पडद्यावर नकाशा उमटण्यासाठी आणि आपले स्थान दुसऱ्याला कळवण्यासाठी मोबाइलचा मनोरा जवळ असावा लागतो. मनोरे दाट वस्तीत आणि वर्दळीच्या मार्गांवर अधिक असतात. नंदुरबारच्या सातपुड्यातील पाडे, मेळघाटातील खेडी किंवा गडचिरोलीच्या जंगलातील वाड्या येथे ते विरळ आहेत.

दुसरे कारण नकाशात कोण भर घालतो, हे होय. २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ हा मोबाइलवरील खेळ जगभर गाजला. त्यात खेळाडूला प्रत्यक्ष रस्त्यावर हिंडून ठरावीक ठिकाणी जावे लागे. ही ठिकाणे आधीच्या एका खेळातील खेळाडूंनी सुचवलेली होती. अमेरिकेतील एका अभ्याससंस्थेने वॉशिंग्टन शहरात मोजणी केली, तेव्हा गोऱ्यांचे बहुमत असलेल्या भागात अशी सरासरी ५५ ठिकाणे आढळली आणि कृष्णवर्णीयांचे बहुमत असलेल्या भागात केवळ १९. कोणी मुद्दाम कोणाला वगळले नव्हते. ज्यांच्याजवळ महाग मोबाइल आणि मोकळा वेळ होता, त्यांनी आपल्याभोवतीची ठिकाणे नोंदवली, एवढेच. खेळात याने फारसे बिघडत नाही. परंतु दवाखाना, औषधाचे दुकान आणि पाणवठा यांच्या नोंदी अशाच पद्धतीने होऊ लागल्या, तर ज्याच्या वस्तीत नोंद करणारे कोणी नाही त्याचे मोठे नुकसान होते.

तिसरे कारण व्यापारी निर्णयाचे. याच वर्षी अमेरिकेतील एका वृत्तसंस्थेने ॲमेझॉन कंपनीच्या ‘त्याच दिवशी घरपोच’ सेवेचा नकाशा तपासला. बॉस्टन शहराच्या जवळजवळ सर्व भागांत ही सेवा होती. मध्यभागी असलेली रॉक्सबरी ही मुख्यतः कृष्णवर्णीयांची वस्ती मात्र तिच्यातून सुटली होती. ग्राहकांची संख्या आणि गोदामापासूनचे अंतर पाहून निर्णय घेतले, असे कंपनीचे म्हणणे होते. बोभाटा झाल्यावर तेथेही सेवा सुरू झाली. यंत्राने कोणाचा वर्ण विचारला नव्हता, त्याने केवळ पिनकोडसारखा अंक पाहिला होता. पण त्या अंकामागे पिढ्यान्‌पिढ्यांची विषमता दडलेली होती.

जेव्हा स्थान हा पुरावा ठरतो

वस्तू एक दिवस उशिरा आली, तर फारसे काही अडत नाही. परंतु आपल्या देशात स्थान ही आता हक्काशी जोडलेली गोष्ट झाली आहे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र मोबाइलवर घ्यावे आणि ते अक्षांश-रेखांशासह नोंदवावे, अशी ही योजना. ती नोंद सातबाऱ्यावर जाते आणि नुकसानभरपाई, पीकविमा यांसारख्या कामी येते. आपल्या शेताची नोंद स्वतः करता यावी, हा तिचा हेतू स्तुत्य आहे. परंतु ज्याच्याजवळ चांगला मोबाइल नाही, किंवा ज्याचे शेत दरीत आहे, त्याला दुसऱ्याच्या मोबाइलवर आणि दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून राहावे लागते.

रोजगार हमीच्या कामावरही असाच अनुभव आला. २०२१ मध्ये मजुरांची हजेरी मोबाइलवर घेण्याची पद्धत सुरू झाली आणि १ जानेवारी २०२३ पासून ती सर्वत्र बंधनकारक करण्यात आली. कामाच्या जागेवरून दिवसातून दोनदा स्थानासह छायाचित्र पाठवायचे होते. बनावट हजेरीला आळा बसावा, हा त्यामागचा उद्देश. परंतु छायाचित्र पोहोचले नाही, तर दिवसभर माती उपसलेल्या मजुराची मजुरी धोक्यात येई. त्याने काम केले होते, पण ते केल्याचा पुरावा मनोऱ्याअभावी वाटेतच अडकला होता.

याची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. नागपूर, चंदीगड यांसारख्या शहरांत सफाई कामगारांना जीपीएस असलेली घड्याळे देण्यात आली. कामगार नेमलेल्या भागात आहे की नाही, हे कार्यालयात बसून कळावे, यासाठी ती होती. म्हणजे ज्याच्या वस्तीची गल्ली नकाशावर नाही, त्याच्या मनगटाचे स्थान मात्र क्षणोक्षणी नोंदले जाऊ शकते. देखरेखीसाठी माणूस सापडतो आणि सेवेसाठी सापडत नाही, तेव्हा दोष तंत्रज्ञानाच्या क्षमतेत नसतो. ते कोणत्या कामासाठी वापरायचे, हे ठरवणाऱ्यांच्या प्राधान्यक्रमात तो असतो.

या विषमतेची खरी कसोटी संकटाच्या वेळी लागते. महाराष्ट्रात जानेवारी २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू आहे. क्रमांक फिरवला की सेवा सर्वांना सारखीच. पण रुग्णवाहिकेला वाट सापडली पाहिजे. गल्लीचे नाव नसलेल्या वस्तीत घरातील एक माणूस रुग्णाजवळ थांबतो आणि दुसरा खुणेसाठी मुख्य रस्त्यावर धावतो. ज्या घरात दुसरा माणूसच नाही, तेथे काय होत असेल, याचा विचार केला म्हणजे पत्ता ही किती मोलाची गोष्ट आहे ते कळते.

पोकळी भरण्याचे प्रयत्न

ही स्थिती अटळ नाही, हे अनेक प्रयत्नांनी दाखवून दिले आहे. केनियाची राजधानी नैरोबी येथील किबेरा ही मोठी झोपडवस्ती. सरकारी नकाशात तेथे जंगल दाखवलेले होते. २००९ मध्ये तेथील तरुणांनी हातात जीपीएस यंत्रे घेऊन आपली वस्ती पायी पालथी घातली. शाळा, दवाखाने, नळ आणि शौचालये यांची नोंद करून त्यांनी जगाच्या खुल्या नकाशावर किबेरा आणले.

पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘शेल्टर असोसिएट्स’ या संस्थेने झोपडवस्त्यांचे घरोघर सर्वेक्षण केले आणि ती माहिती उपग्रहचित्रांशी जोडली. कोणत्या घरात शौचालय नाही आणि सांडपाण्याची वाहिनी किती अंतरावर आहे, हे नकाशावर दिसू लागले. त्यामुळे शौचालये कोठे बांधता येतील, हे ठरवणे सोपे झाले. पुढे वस्त्यांतील घरांना अक्षांश-रेखांशावर आधारलेले ‘प्लस कोड’ देण्याचे कामही या संस्थेने हाती घेतले. कोलकात्याच्या झोपडवस्त्यांतही असे संकेतांक घरांच्या दारांवर लावण्यात आले. ज्यांना पूर्वी पत्त्याच्या रकान्यात काय लिहावे हा प्रश्न पडे, त्यांच्याजवळ लिहिण्यासाठी काहीतरी आले.

सरकारी पातळीवरही पावले पडली आहेत. गावठाणातील घरे ड्रोनच्या साहाय्याने मोजण्याचा प्रयोग पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे झाला. २४ एप्रिल २०२० रोजी ‘स्वामित्व’ योजना जाहीर झाली आणि हे काम देशभर सुरू झाले. शेत मोजल्यानंतर घर मोजले जाण्यास जवळजवळ दोन शतके लागली. दिल्लीतील १७३१ अनधिकृत वसाहतींमधील रहिवाशांच्या मालमत्तेचे हक्क मान्य करणारा कायदा २०१९ मध्ये झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशे तयार करण्यावरील अनेक जुने निर्बंध भारत सरकारने शिथिल केले. मे २०२५ मध्ये टपाल विभागाने ‘डिजिपिन’ ही पद्धत आणली. तिच्यानुसार संपूर्ण देश सुमारे चार मीटर लांब व चार मीटर रुंद अशा चौकोनांत विभागला आहे आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा संकेतांक आहे. बंगला आणि झोपडी यांत ही पद्धत भेद करत नाही. मात्र ती मजला सांगत नाही आणि वाटही दाखवत नाही. ते काम नकाशालाच करावे लागणार आहे.

नकाशावर येण्याला जोखीमही आहे. अतिक्रमण ठरवलेल्या वस्तीतील लोकांना वाटते, की आपले घर नोंदले गेले तर ते पाडण्यास सोपे जाईल. ही भीती निराधार म्हणता येत नाही. म्हणून नोंद कोण करतो, ती कोणाच्या हाती राहते आणि तिचा उपयोग कशासाठी होईल, हे वस्तीला आधी कळले पाहिजे. किबेरा आणि पुणे येथील प्रयत्नांचा विशेष हा, की त्यांत वस्तीतील माणसांचा सहभाग होता.

सामान्य माणसालाही यात काही करता येते. आपल्या घराचे अक्षांश-रेखांश किंवा डिजिपिन काढून तो कागदावर लिहून ठेवावा. अडचणीच्या वेळी फोनवर सांगताना तो उपयोगी पडतो. मोबाइलवरील नकाशात आपली गल्ली, शाळा किंवा आरोग्य केंद्र चुकीचे दाखवले असेल, तर दुरुस्ती सुचवता येते, आणि खुल्या नकाशांत नवी नोंदही करता येते. गल्लीला नाव व घरांना क्रमांक मिळावेत, अशी मागणी ग्रामसभेत किंवा प्रभागाच्या कार्यालयात करता येते. ज्या कामासाठी स्थानाचा पुरावा मागितला जातो, तेथे नेटवर्क नसल्यास दुसरा कोणता मार्ग आहे, हे विचारण्याचा अधिकारही प्रत्येकाला आहे.

उपग्रह वसाहत पाहून संकेत पाठवत नाहीत. लक्ष्मीबाई नगराच्या घरांना आरंभीच क्रमांक मिळाले, म्हणून नकाशाने त्यांना सहज ओळखले. पिलंजीच्या गल्लीला, सातपुड्यातील पाड्याला आणि पुण्यातील झोपडवस्तीला ती ओळख मिळवावी लागत आहे. जेथे माणसांनी ती मिळवली, तेथे यंत्राला वाट सापडू लागली.